सागाच्या फुलासाठी बोरिवलीला

केतकी, माझी चेंबूरची मावसबहीण, वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय. आम्लपावसाचा झाडांच्या बी धरण्यावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. पण जंगलातून कॉलेजात पोचेपर्यंत परागकण मरायचे, साध्या साखरपाण्यातही उगवायचे नाहीत. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत काही दाखव, नाहीतर विषय बदल." मी म्हटलं, "मग मायक्रोस्कोपच जंगलात नेऊ ना!"

रविवारी सकाळी मी मुलुंडहून पवईमार्गे बसने बोरिवलीचं नॅशनल पार्क गाठलं; केतकी मायक्रोस्कोप घेऊन आधीच गेटवर उभी होती. ऑगस्टात जात असाल तर छत्री नको, रेनकोट घ्या. हात मोकळे राहतात. आत साग पांढऱ्या तुऱ्यांनी नुसता डवरलेला! केतकीने परवानगी काढली होती म्हणून चार फुलं घेतली. तुम्ही मात्र तोडू नका.

तिथून धावतच गेटबाहेरच्या मिसळवाल्या मालवणी काकूंकडे. कोपऱ्यातल्या टेबलावर मायक्रोस्कोप, काचेवर साखरपाण्याचे तीन थेंब. एक साधा, एकात आम्ल, आणि एक केतकीच्या गच्चीवर जमवलेल्या पावसाच्या पाण्याचा. तिन्हींत पराग टाकला. मिसळ झणझणीत होती, पण केतकी सारखी घड्याळच बघत होती.

दोन चहांनंतर तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ती किंचाळलीच. "उगवले! बघ, बघ!" साध्या थेंबातल्या कणांना बारीक नळ्या फुटल्या होत्या. ही नळी फुलात खोल गेली तरच बी धरतं.

काकूही वाकल्या. "अगो, हेका मोड इलो!"

आम्लाच्या थेंबात मात्र सगळं निपचित. आणि चेंबूरच्या पावसात थोड्याच नळ्या, त्याही आखूड.

"म्हणजे सिद्ध झालं ना?" मी नाचायचीच बाकी होते.

"एका थेंबाने काही सिद्ध होत नाही गं. पुन्हा पुन्हा करावं लागेल." पण हसू तिला आवरत नव्हतं. फोटो तिथूनच सरांना पाठवले. परतताना उत्तर आलं: "विषय बदलू नकोस." आम्ही दोघी रस्त्यातच ओरडलो. झकास!

घरी आईने विचारलं, "बिबट्या दिसला?"

मी तिला फोटो दाखवून सगळं सांगितलं. तिने आखूड नळ्यांचा फोटो मोठा करून पाहिला.

"आणि पाऊस असाच आंबट झाला तर? झाड वाळतं?"

"लगेच नाही. हिरवंगार दिसत राहतं. फक्त बी कमी धरतं."

"अगं बाई," आई म्हणाली, "मग आपल्याला कळणार कसं?"