सत्यवतीची बरड

सत्यवतीला नवऱ्यानं टाकलं, तेव्हा भावानं, जानरावानं, तिला चोळीबांगडीसाठी जमीन दिली. बडनेऱ्याजवळ जानरावाचं काळंभोर वावर होतं. हिला दिली गोट्यांची बरड. गाव म्हणे, काय मोठं मन! मन कसलं? बाईचा हक्क दगडांवर भागवला.

सत्यवतीला मात्र ती बरड आवडली. बकऱ्या चारायच्या आणि सरडे बघायचे. वीतभर अंग, त्यात अर्ध्याहून जास्त शेपूट, रंग मातीचा. चैत्रात नर गोट्यावर चढून गळ्याखालचा पंखा उघडायचा. निळा, काळा, तांबडा! मादी ढुंकून बघायची नाही.

"अय नवरदेवा," सत्यवती म्हणायची, "ते मुंग्या खाऊन राहिली, तू कोणाले दाखवतं?"

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी वावरांमधले बांध, धुरे नांगरले, गायरान नांगरलं. आषाढात जानराव नांगर घेऊन बरडीवर आला. नेमक्या त्याच दिवसांत माद्यांनी ओल्या मातीत अंडी घालून वरून तोंडानं माती दाबली होती. मोठ्या सरड्यांतल्या बहुतेकांना पुढचा उन्हाळा दिसत नाही, हे सत्यवतीनं वर्षानुवर्षं पाहिलेलं. सगळा वंश त्या वेळी जमिनीत. नांगर फिरला की बरड कायमची सुनी.

ती बैलांसमोर उभी राहिली.

"बाजूले हो, सत्ये. कापूस पेरतो."

"माह्या जमिनीत?"

"मीच देल्ली ना तुले?"

"चोळीबांगडीची देल्ली. वापस पाह्यजे?" तिनं हातातल्या बांगड्या उतरवून त्याच्यापुढं धरल्या. "मंग ह्या बी घे. चोळी घरून पाठवतो."

धुऱ्यावरच्या निंदणाऱ्या बाया खदखदून हसल्या. "घ्या ना जानरावभाऊ, तुमाले शोभतीन!"

जानरावाचे कान लाल झाले. "सरड्यायपायी भावाची इज्जत काढतं?"

"सरडे मले कधी निघ म्हनले नाई."

त्यानं बैल फिरवले. बांगड्या काही घेतल्या नाहीत.

श्रावण सरता सरता बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं मातीतून निघाली आणि निघाल्याबरोबर मुंग्यांमागं धावली. सत्यवतीनं बकऱ्या आवरल्या, भावजयीला, शालूला, हाक मारली. जानराव आला नाही. त्याचा अबोला होता. पण शेजारच्या वावरात कपाशीच्या एकाच ओळीपाशी तो कितीतरी वेळ वाकून उभा होता, मान बरडीकडं.

"इकडून दिसत नाई, भाऊ," सत्यवती ओरडली. "ये इकडे, हळू पाय टाक."