कोचीची वाळू

नातवाने आळेफाट्यावरून केळ्याचे वेफर्स आणले. पुडा फोडताच खोबरेल तेलाचा वास आला आणि मला कोचीचा किनारा आठवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान कांद्याचा ट्रक घेऊन कोचीला जायचे. घरी आले की तिथला समुद्र, जंगलातला मोठा धबधबा, सगळं रंगवून सांगायचे. एका खेपेला मी हट्टाने सोबत गेले. प्रवासाने अंग आंबून गेलं. माल उतरवून दुपारी आम्ही किनाऱ्यावर आलो. पाण्यावर मासे धरायची मोठाली चिनी जाळी वाकली होती, वाऱ्याला मासळीचा वास होता.

"अहो, धबधब्याला कधी जायचं?" मी विचारलं.

वाळूत बसत ते म्हणाले, "कुठंय त्यो, मलाबी म्हाईत न्हाई. गाडी खाली केली की झोपायचं, भरली की निघायचं. समुद्रबी आजच बघतोय."

"मग घरी सांगत व्हता ते?"

"बाकीचे डायवर सांगत्यात ते ऐकून."

एवढं बोलून ते तिथंच कलंडले आणि घोरू लागले. तेव्हा मला लई राग आला होता. पण त्यांचे सुजलेले पाय पाहून उठवायला हात धजेना. त्यांच्या तोंडावर पदराची सावली धरून मी एकटीच लाटा बघत राहिले. आज माझंही शरीर थकलंय. आता वाटतं, धबधबा राहिला ते बरंच झालं, त्यांना तेवढी झोप तरी मिळाली.

त्या दिवशी सूर्य मावळताना ते झोपेतच दचकले. डोळे मिटलेलेच, हात स्टेअरिंग शोधत होते.

"पोचलो का गं?"

"पोचलो," मी म्हणाले. "झोपा तुम्ही."