दोघांनी उचलायची मशीन

आमच्या घरात नवी वस्तू आली की मी धास्तावते. इतर बायका हळदीकुंकू लावून शेजारणींना बोलावतात, मी आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघते. मिक्सर आला आणि आमचे मेजर जम्मूला गेले. फ्रिज आला आणि आसामला गेले. फोनवरून विहिरीची मोटार चालू करायचा स्टार्टर बसवला, मला समोर उभं करून पुन्हा पुन्हा नंबर लावायला शिकवलं, आणि त्याच आठवड्यात बॅग भरली. जाताना आपल्या जागी एकेक वस्तू ठेवून जायची ही त्यांची पद्धत. वस्तू सगळ्या चांगल्या निघाल्या, अजून चालू आहेत. म्हणून काही माझा राग गेला नाही.

मेजर म्हणजे माझा नवरा. रिटायर झाले ते हवालदार म्हणून, पण फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आमचं गाव मेजरच म्हणतं. मलाही ते बरं पडतं, कारण नाव घ्यायची सवय नाही. वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी आमचा ऊस आहे, वस्तीवर घर, घरात सासूबाई, गोठ्यात दोन म्हशी. लेक मिरजेला नर्सिंगला. मेजर पेन्शनवर घरी आले तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता हा माणूस इथून हलायचा नाही. लग्न झाल्यापासून सुट्टीसुट्टीनं संसार केला होता, आता सलग करायचा होता. पण त्यांच्या बरोबरीचे बरेचजण वर्षभरात पुन्हा बाहेर पडले. कुणी पुण्याच्या बाजूला कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झाला, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला. पोटाला कमी म्हणून नाही जात हे लोक. घरी करमत नाही म्हणून जातात. मेजरना विचारलं, "तुमचं काय?" तर म्हणायचे, "बघू की." या 'बघू की'वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

अशात नागपंचमी झाल्यावर एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "एक वेल्डिंग मशीन घिऊ म्हणतोय."

माझा घास हातातच राहिला.

"कशापायी?" मी विचारलं.

कारणं त्यांच्याकडं तयार होती. फाटकाची बिजागरी तुटलेली, मोठ्या म्हशीनं गव्हाणीचा पाईप वाकवलेला, पॉवर टिलरचा हुक सारखा निखळतोय. गावातला फॅब्रिकेशनवाला प्रत्येक वेळी 'उद्या' म्हणतो आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. हीच बिजागरी दोन वर्षं सुतळीनं बांधलेली होती तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. आत्ताच सगळं घर धड करून ठेवायची घाई का सुटली?

मी पाळत ठेवायला लागले. मेजर रात्री अंथरुणात पडून फोनवर वेल्डिंगचे व्हिडिओ बघायचे. एकदा फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "ही बघ, बाईमाणूस कसली झ्याक वेल्डिंग करतीया."

"मला का दाखवताय?"

"आसंच गं. बघाय काय हुतंय?"

असंच म्हणे. या माणसानं उभ्या आयुष्यात मला 'असंच' काही दाखवलेलं नाही. मोटारीचा स्टार्टरसुद्धा आधी असाच व्हिडिओतून आला होता.

सांगलीला मशीन बघायला जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, मीबी येणार. मेजर खूश झाले. "ये की, तुलाच पसंत कराय पायजे," म्हणाले. झालं, माझी खात्रीच पटली. लोखंडाची वस्तू बायकोला पसंत करायला लावणारा नवरा सरळ असेल का?

मार्केट यार्डाच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन मशिनी दाखवल्या. एक इन्व्हर्टरवाली. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी तिचा संबंध नाही, नाव तेवढं तेच. शिवणाच्या डब्याएवढी, खांद्याला अडकवायला पट्टा, घरच्या साध्या लाइटवर चालणारी. दुसरी जुन्या पद्धतीची, जमिनीवर ठेवलेली, आत तारेची मोठी वेटोळी असलेली. तिला थ्री फेज लागते, म्हणजे मोटारीला येते ती लाइट. वजन ज्वारीच्या भरल्या पोत्याएवढं.

"वहिनी, ही छोटी बघा," दुकानदार मला म्हणाला. "तुम्हीसुद्धा एका हातानं उचलाल. साहेब घरी नसले तरी अडायचं नाही."

मी मेजरकडं बघितलं. ते भिंतीवरच्या ग्राइंडरकडं बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि खोटं पकडलं गेलं की त्यांचं असंच होतं.

"मला ती जड दाखवा," मी म्हटलं.

"वहिनी, ती कशाला? जागची हलवायची म्हटलं तर दोन माणसं लागतात."

"लागू देत की. घरात हायती दोन माणसं."

दुकानदाराचा गोंधळ उडाला. त्याच्या अनुभवात बायका हलकी मागत असणार आणि पुरुष जड. मग मीही त्याला सोडलं नाही. आत तांबं आहे का ॲल्युमिनियम, हे विचारलं. तो तांबं म्हणाला. मी म्हटलं, तोंडानं सगळेच तांबं म्हणतात, झाकण खोला. मेजरच्या फोनवर बघून बघून मलाही तेवढं कळायला लागलं होतं. त्यानं नाइलाजानं स्क्रू काढले, तारेवर ब्लेडनं खरवडून दाखवलं, आत लाल निघालं. तरी मी तोंड वाकडंच ठेवलं. खरं तर ॲल्युमिनियम निघालं असतं तरी मला तीच हवी होती.

मेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आगं, ही वापरायची तर दर खेपंला घरनं हिरीवर न्यायला लागंल. थ्री फेज तिथं हाय."

"मग नेऊ की दोघं."

"आन तिथंच ठिवली तर?"

"तिथं ठिवली तर चोर नेतील. हिरीवरच्या केबली ठेवत न्हाईत, तांबं ठेवत्यात व्हय?"

हे बिनतोड होतं. आमच्या शिवारात महिन्याला कुणाची ना कुणाची केबल जातेच. मेजरनी खिशातलं पाकीट काढलं. मग दुकानदाराकडं वळून म्हणाले, "तिला पायजे ती द्या." एवढ्या लवकर ते कधी हार मानत नाहीत. येताना टेम्पोत पुढं बसून आम्ही भडंग खाल्लं, ड्रायव्हरशी पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि सबंध रस्ताभर मी विचार करत होते, की हा माणूस भांडला का नाही?

पुढचे दिवस मात्र माझे सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. पावसाची उघडीप असली आणि दिवसाची थ्री फेज आली की मशीन विहिरीवर न्यायची. तिच्या वरच्या कडीतून पाईप घालायचा, पुढं मी, मागं मेजर, पाईप दोघांच्या खांद्यावर. ते उंच, मी बुटकी, त्यामुळं मशीन घसरत माझ्या अंगावर यायची. मग ते एका हातानं कडी मागं ओढून धरायचे, म्हणजे वजन त्यांच्याकडं राहायचं. बांध ओला असायचा. पाय चुकला की दोघंही उसात. म्हणून मेजर मागून परेडसारखं ओरडायचे, "लेफ्ट, राइट, लेफ्ट." पलीकडच्या शेतातल्या खुरपणाऱ्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. एकजण ओरडली, "आवं मेजर, बायकूला भरती केली का काय?" मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून काही उचललेलं मला आठवत नव्हतं.

फाटक काढून विहिरीवर नेलं, बिजागरी बसली. गव्हाणीचा पाईपही तिथंच सरळ झाला. मेजरनी मलाही रॉड धरायला शिकवलं. काळी काच डोळ्यापुढं धरायची, रॉड लोखंडाला काडेपेटीच्या काडीसारखा घासायचा, ठिणगी पडली की हात तेवढ्याच अंतरावर ठेवून हळूहळू सरकायचं. माझा रॉड सारखा चिकटून बसायचा. ते माझ्या हातावर हात ठेवून सरकवायचे. वरचा काळा पापुद्रा हातोडीनं झाडला की खाली माझी वाकडीतिकडी रेघ दिसायची आणि ते म्हणायचे, "जमतंय, जमतंय." शिकवताहेत कशासाठी, हा प्रश्न त्यातही माझ्या डोक्यात होता. पण हातावर हात होता, म्हणून मी तो विचारला नाही.

फोन मात्र वाढले होते. जेवताना फोन वाजला की मेजर उठून पार उसाच्या कडेपर्यंत जायचे. पूर्वी ते ओट्यावर बसूनच साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलायचे. "कुणाचा हुता?" म्हटलं की, "युनिटमधला दोस्त." दोस्ताशी बोलायला उसात जावं लागतं का? मी सासूबाईंना म्हटलं, "आत्ती, ह्यांचं कायतरी शिजतंय." त्या म्हणाल्या, "तुझा सोभावच संशयी हाय गं." त्यांचा मुलगा तो, त्या दुसरं काय म्हणणार? मी मशीनकडं बघायची आणि स्वतःची समजूत घालायची. हे धूड घरात आहे तोवर हे कुठं जात नाहीत. गेले तर उचलणार कोण, हे त्यांनाही कळतंच ना. एवढ्या वजनाची वस्तू एकट्या बाईच्या गळ्यात टाकून जाणारा तो माणूस नाही. तेवढी मी त्यांना ओळखते, असं मला वाटायचं.

गणपती उठल्यावर मी लेकीला भेटायला मिरजेला गेले. तिच्या होस्टेलवर डबे पोचवले, रात्री तिथल्याच नात्यातल्या घरी राहिले, दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत आले. फाटकातून आत शिरले तर अंगणात ओल्या मातीत चाकांचे माग उमटलेले, सासूबाई ओट्यावर, आणि मेजर घामाघूम होऊन उभे. चेहरा खुललेला.

"बघ," ते म्हणाले.

मशीन एका गाड्यावर बसली होती. लोखंडी अँगलचा चौकोन केलेला, खाली जुन्या मोपेडची दोन चाकं, पुढं टेकायला एक पाय, मागं वाकवलेल्या पाईपचं हँडल. प्रत्येक सांधा नीट भरलेला, कुठं टोक राहिलं नव्हतं, हँडलला वर सायकलच्या रबरी मुठीसुद्धा बसवल्या होत्या. शेजाऱ्याला हाताशी घेऊन मशीन विहिरीवर नेली, तिथंच दिवसभर खपून गाडा केला, आणि येताना तिला गाड्यावर घालून एकट्यानं ओढत आणली, असं ते सांगत होते.

"मोठी चाकं हायती, चिखलात रुतायची न्हाईत," ते म्हणाले. "जड काय आन हलकी काय, चाकावर समदं सारखंच. धरून बघ."

मी पिशवी खाली ठेवली आणि हँडल धरलं. ते बरोबर माझ्या हाताला आलं. मला वाकावं लागलं नाही, हात वर करावा लागला नाही. मेजरना ते धरायचं तर पाठीत वाकून चालावं लागलं असतं.

मी गाडा मागं झुकवला आणि ओढला. एका हातानं आला. अंगणातून गोठ्यापर्यंत नेला, तिथून वळवून बांधाच्या तोंडाशी नेला, ओल्या मातीतही कुठं अडला नाही. मला त्यात एखादी खोट सापडायला हवी होती. चाक डुगडुगलं असतं, एखादा सांधा सुटला असता, तरी मी वाटेल ते बोलले असते. सगळं काम इतकं मनापासून केलं होतं, की मला रडू आवरेना.

"बरं झालं बाई," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आता तुला कुणाची वाट बघाय नको."

मी गाडा उभा केला. मेजर गोठ्यापाशी उभे होते. हातातली काळी काच शर्टाला पुसत होते, आधीच स्वच्छ होती तरी.

"कवा निघायचं?" मी विचारलं.

मला कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. काच पुसत पुसतच म्हणाले, "दसरा झाला की."