रुमालाखालचा एक्स

आमच्या मामेसासऱ्यांच्या मते परमेश्वराने या जगात दोनच प्रकारचे जीव घातले आहेत: एक घोडे, आणि दुसरे, ज्यांचं घोडा व्हायचं थोडक्यात हुकलं ते.

हे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी त्यांची केळीची बाग आहे, कापूस आहे, आणि चांदणी नावाची पांढरीशुभ्र घोडी आहे, जिच्यासाठी बाकीचं सगळं आहे. मामा घरात गुजरी बोलतात, बाजारात अहिराणी आणि रागावले की हिंदी. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून माझ्याशी पहिली दोन वाक्यं अगदी पुस्तकी बोलतात आणि मग दमून अहिराणीवर येतात. शहाद्याला आमच्याकडे ते मोटरसायकलवरून येतात, पण ती मोटरसायकल आहे हे त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. सुरू होईना तर जिभेनं टक् टक् करून तिला चुचकारतात, ब्रेकबरोबर "हो, हो" म्हणतात आणि उतरल्यावर टाकीवर थाप मारल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. मला बघायला आले होते तेव्हा माझं शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका यातलं त्यांनी काहीएक विचारलं नाही. "बेटा, जरा फाटकपर्यंत जाई ये," एवढंच म्हणाले. मला वाटलं, फाटकाशी कुणी पाहुणे खोळंबलेत. मी गेले, कुणी नव्हतं, परत आले. तोवर मामा सासूबाईंना सांगून मोकळे झाले होते, "चाल चांगली शे पोरनी." सासरी मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र. दुसरं अजून यायचं आहे.

तर अशा माणसाच्या हाती माझ्या मुलीचं बीजगणित गेलं. ते कसं गेलं हे सांगायला हवं. तन्वीला लहानपणापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. चांदणी एकदा लंगडत होती, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी येऊन तिच्या खुरातला काटा काढला, आणि ती तिथल्या तिथे चार पावलं नीट चालली. ते बघितल्या दिवसापासून या पोरीनं दुसरं काही होण्याचा विचार केला नाही. सुट्टी लागली की ती मामांकडे, म्हणजे तिच्या आबांकडे. आणि दहावीच्या सहामाहीत बीजगणितात सपशेल नापास झाली. पेपर घरी आणला, दप्तरात खोल कोंबला आणि म्हणाली, "आई, मला आर्ट्सलाच घाला. सायन्स माझ्यासाठी नाही." दिवाळीच्या सुट्टीत आबांकडे गेली नाही. चांदणीचं नाव काढलं की उठून आत जायची. नापास होण्याचं मला एवढं वाटलं नाही, जेवढं त्या उठून आत जाण्याचं वाटलं. घरात शिकवणार कोण? माझं गणित भाजीवाल्यापाशी संपतं, आणि हिच्या बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान. त्यांना आकडे सगळे कळतात, पण आकड्यांच्या जागी अक्षरं आली की ते माझ्याकडे बघतात, मी भाषेची म्हणून.

दिवाळी उलटली तरी नात आली नाही, तेव्हा मामा स्वतःच आले. टाकीवर थाप मारली, आत आले, सगळं ऐकून घेतलं. आम्ही एका क्लासचं नाव ठरवत होतो, तर त्यांनी हात वर केला. "मास्तर मी देखस. तुमले घोडं पारखता येत नही, मास्तर काय पारखशात?"  खरंच आम्हाला घोडं पारखता येत नाही.

पुढचे दोन आठवडे आमच्या ओसरीवर जे चाललं त्याला शिकवणीचा शोध म्हणायचं की यात्रेतला घोड्यांचा बाजार, हे शेजारच्यांना अजून ठरवता आलेलं नाही. पहिले आले ते एका क्लासचे सर, कडक इस्त्री, गळ्यात टाय. मामांनी त्यांच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग वंशावळ विचारली: तुमचे मास्तर कोण, त्यांचे मास्तर कोण, त्यांचे? सरांना तिसरी पिढी सांगता येईना. मग अर्थातच, "जरा फाटकपर्यंत जाई या." सर बिचारे गेले, तिथे उभे राहून रस्त्यावर इकडे तिकडे बघून परत आले. "घाई शे यासले," मामा माझ्या कानात म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर बरं, पण फीची गोष्ट निघताच त्यांनी खांद्यावरचा रुमाल सरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं पकडली. घोड्यांच्या बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं धरायची, तोंडानं आकडा काढायचा नाही, भोवतीच्या गर्दीला काही कळता कामा नये. सरांना हा रिवाज ठाऊक नसावा. त्यांनी हात असा काही सोडवून घेतला की टाय पाठीवर गेला. ते पुन्हा आले नाहीत.

पण खरी परीक्षा वेगळीच होती. मामा सांगतात, घोडं घेताना त्यावर आपण बसायचं नसतं. ज्याला बसता येत नाही असा एखादा अडाणी बसवायचा. तो लगाम चुकीचा ओढतो, टाच भलतीकडे मारतो, आणि तरी जे घोडं त्याला पाडत नाही, ते डोळे मिटून घरी न्यावं. तेव्हा शिकवणीला येणाऱ्या प्रत्येकासमोर तन्वीच्या शेजारी मामा स्वतः पाटी घेतलेल्या पोरासारखे मांडी घालून बसत आणि विचारत, "हाऊ एक्स कोण शे?" समोरचा सांगे, ती न माहीत असलेली संख्या. "माहीत नही तं लिखी का ऱ्हायनात?" तो पुन्हा सांगे. "माले समजनं नही. परत सांगा." एक निवृत्त गुरुजी आले होते, गणितात पक्के. तिसऱ्यांदा "परत सांगा" ऐकल्यावर त्यांनी पट्टी आपटली आणि तन्वी दचकून भिंतीला टेकली. मामांनी त्यांना चहा पाजला, केळीचा फणा दिला आणि फाटकापर्यंत पोचवून आले. मग हिच्या बाबांनी मोबाइलवर एक ॲप आणलं. त्यातला मुलगा भराभर समीकरणं सोडवत होता. मामा त्याला म्हणाले, "थांबा जरा." तो थांबला नाही. मामा मोठ्यांदा म्हणाले, "ओ दादा, थांबा!" तो पुढच्या उदाहरणावर गेला. मामांनी मोबाइल पालथा घातला. "याले घाम येत नही. ज्याले घाम येत नही त्यावर भरोसा कसा ठेवाना?"

इकडे परीक्षा जवळ येत होती आणि माझा धीर सुटत चालला होता. सगळे मास्तर पळवून लावले तर पोरीला शिकवायचं कुणी, असं मी एकदा मामांना सरळ तोंडावर म्हटलं. ते नुसते मान हलवत राहिले. मोठ्या माणसावर ओरडता येत नाही, म्हणून मी पोळ्या जरा जोरात लाटल्या.

मग आमच्याच शाळेत नव्यानं आलेल्या गणिताच्या पावरा मॅडमना मी विचारलं. पंचविशीतली मुलगी, काठी गावाकडच्या डोंगरातल्या एका पाड्यातली, शहाद्यात खोली घेऊन राहणारी. रविवारी अकराला आल्या. मामांनी वंशावळ विचारली तर म्हणाल्या, "माझ्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच." फाटकापर्यंत जाऊन या म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मामा, मी सारंगखेड्याची यात्रा बघितलीय. दात पण बघणार का?" मामांनी आयुष्यात पहिल्यांदा खाली बघितलं.

मग मांडी घालून बसले आणि सुरू झाले. हाऊ एक्स कोण शे? मॅडमनी सांगितलं. समजनं नही. मॅडमनी दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. समजनं नही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि आता यांचाही फणा बांधायला घ्यावा का, असा विचार करत होते. मॅडमचा आवाज तसाच होता. म्हणाल्या, "मी पहिलीत गेले तेव्हा मला मराठी येत नव्हती, मामा. गुरुजी काय बोलतात ते वर्षभर कळलं नाही. न कळता बसून राहणं काय असतं ते मला माहितेय. तुम्ही विचारा हवं तेवढं." आणि त्यांनी मामांच्या खांद्यावरचा रुमाल मागून घेतला, तन्वीच्या हातावर टाकला आणि खालून तिची बोटं धरली. "आता मामा, आम्ही दोघींनी इथे एक भाव केला. तुम्हाला तो दिसतो का?"

"नही."

"पण भाव आहे ना?"

"शे ना. भाव तं शे."

"तोच एक्स. रुमालाखालचा. आता तुमचं काम एवढंच, की बाहेर जे दिसतंय त्यावरून आतलं काढायचं. दोन घोडी मिळून साठ हजारांना गेली, आणि पांढरी काळीपेक्षा दहा हजारांनी महाग. रुमालाखाली काय ठरलं?"

मामांनी बराच वेळ विचार केला. मिशी ओढली, छताकडे बघितलं, मग म्हणाले, "असं काढत बठापेक्षा दलाललेच इचारी लेऊत ना."

आणि तन्वी हसली. सहामाहीनंतर त्या वहीसमोर बसून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता म्हणाली, "आबा, पांढरी पस्तीसला, काळी पंचवीसला." मामा उठले, अंगणात गेले आणि बाहेरूनच मला म्हणाले, "सूनबाई, चहा ठेवा. घोडं घरमा उनं." घोडं घरी आलं म्हणजे कोण, हे मॅडमना कळलं असणार, पण त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. घोडं म्हणणं हा मामांच्या शब्दकोशातला सगळ्यात वरचा किताब आहे.

पुढे परीक्षेपर्यंत दर रविवारी अकराला मामा हजर. आता मास्तर मिळाला होता, मास्तरांची पारख संपली होती, तरी ते त्या दोघींच्या मध्ये मांडी घालून बसत आणि दर थोड्या वेळानं म्हणत, "थांबा, हाई माले समजनं नही." मला वाटे, आता हे नाटक कशाला? मी हिच्या बाबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, मामांना नाटक थांबवायचं कसं ते ठाऊक नाही. मॅडम मात्र प्रत्येक वेळी मागे येऊन पुन्हा सांगत. शिकवणी संपली की मामांच्या थैलीतून मॅडमसाठी गूळ आणि फुटाणे निघत. चांदणीलाही तेच मिळतं, हे मी मॅडमना सांगितलं नाही.

तन्वी बीजगणितात नुसती पास झाली नाही, चांगली झाली. सायन्सला धुळ्याला प्रवेश मिळाला, वसतिगृह मिळालं. जायच्या आदल्या दिवशी तिची बॅग भरताना मी सहज म्हटलं, "आबांच्या त्या नाटकातून तू पास झालीस, कमालच म्हणायची." ती घडी घालता घालता थांबली. म्हणाली, "आई, मला जिथे अडायचं ना, बरोबर तिथेच आबांना कळायचं नाही. दरवेळी. मला एकदासुद्धा विचारावं लागलं नाही गं."

मी तिच्या हातातली अर्धी घडी घेतली आणि पूर्ण करून बॅगेत ठेवली. 

ती गेल्यानंतरच्या रविवारी अकराला मोटरसायकल फाटकाशी थांबली. टाकीवर थाप पडली. मामा ओसरीवर येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. चहा देताना मी विचारलंच, "मामा, तुम्ही मुद्दाम तन्वीसाठी विचारत होतात का?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "घोडं अडस तव्हय सांगत नही, सूनबाई. कान फिरवस. आपली पोर पेन फिरवस."

"आणि तुम्हाला? तुम्हाला कळायचं?"

"माले कोठे? मी बी दहावीमा तठेच अडेल शे. मी पेन ठी दिना आन् घर निंघी उनू." त्यांनी कप खाली ठेवला. पेन ठेवून घरी निघून आल्याचं हे त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मग म्हणाले, "तठे धुळ्याले ती पेन फिरवी, तव्हय कोण इचारी?"

हेच मी संध्याकाळी फोनवर तन्वीला विचारलं.  ती म्हणाली, "आबांना सांग, मीच विचारते. वर्गातली सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसतात, मी कधी विचारते म्हणून." मी मामांना तसं कळवलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, "चाल सापडनी तिले," आणि ठेवून दिला.

मला वाटलं, आता रविवार संपले. पण पुढच्या रविवारी अकराला मामा आले आणि पाठोपाठ पावरा मॅडमही आल्या. दोघांचं आपसात आधीच ठरलं होतं म्हणे. वर्गसमीकरणं राहिली होती, आणि ती मामांची राहिली होती. तन्वीची जुनी वही उघडली, तिचंच निळं पेन मामांनी हातात घेतलं. मी भाजी निवडत दारात बसले. मॅडम शिकवत होत्या, मामा मान हलवत होते, कळलं, कळलं, पुढे चला. आता नात शेजारी नाही, तर विचारायची लाज वाटत असावी. थोड्या वेळानं माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्या जाड बोटांत ते निळं पेन गोल गोल फिरत होतं.

"मॅडम, थांबा जरा," मी म्हटलं. "हे मला नाही कळलं. परत सांगता?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मीही भाजीचं ताट घेऊन मामांच्या शेजारी सरकले.