पाचव्या हाताची माती

ढेकूळ मास्तर माती दाताखाली धरून ओळखत. चिमूटभर उचलायची, पुढच्या दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. कचकचली तर वाळू, गुळगुळीत लागली तर गाळ, दाताला चिकटून बसली तर चिकणमाती. मग बाजूला थुंकून, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून निकाल सांगायचे. अमडापूरच्या शाळेत ते भूगोल शिकवायला आले तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता, आणि भूगोल म्हणजे नकाशावर काठी फिरवणं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यांचं खरं आडनाव शाळेच्या दप्तरात होतं. गावानं ते कधी वापरलं नाही.

वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे, पण माती हातात आली की वऱ्हाडी सुटे. "पायाखाली पाय बे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे 'पाय' म्हणजे 'पाहा'. पुण्याकडचे एक तपासणी साहेब हे ऐकून म्हणाले, पायाखाली दुसरा पाय ठेवून मुलं उभी कशी राहतात? आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी साहेबांना व्हरांड्यात नेलं, त्यांच्या बुटाला चिकटलेली माती नखानं काढून त्यांच्याच तळहातावर ठेवली आणि ही कुठून आली ते सांगा म्हणाले. त्या वर्षी मास्तरांचा शेरा चांगला पडला नाही म्हणतात.

औषधाच्या रिकाम्या बाटल्या ते दवाखान्यातून मागून आणत. अर्धी बाटली माती, वर पाणी, बूच लावून खूप हलवायची आणि खिडकीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी तळाला वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती आणि पाण्यावर काडीकचरा, असे थर बसलेले दिसत. बाटली मध्येच हलवणाऱ्याला ते मारत नसत. फक्त म्हणत, "तुले घाई आहे, मातीले नाही." मला हे वाक्य तेव्हाही आवडलं नव्हतं. मला घाई होती. आमच्या घरी शेत नव्हतं, आई-बाप दुसऱ्याच्या वावरात राबत, आणि सातवीनंतर मला शिकवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

मी सातवीत असताना बुलढाण्याला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या बोर्डिंगचे व्यवस्थापक पहिल्या आलेल्या मुलाला फुकट ठेवून घेणार, असं मास्तरांनीच मला सांगितलं. शाळेमागच्या वावरात तेव्हा विहीर खणणं चाललं होतं. मास्तरांनी सुताराकडून वीस खान्यांची उभी पेटी करून घेतली. विहीर एक हात खाली गेली की तिथली मूठभर माती आणायची आणि एक खाना भरायचा. वर काळी माती, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम, आणि त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक. रोज मीच विहिरीत उतरत होतो. वीस खाने मी भरले.

एकोणीस म्हणायला हवं. पाचव्या हाताच्या दिवशी मी गेलो नव्हतो, आणि दुसऱ्या दिवशी विहीर सहाव्या हातावर होती. मी चिखलीच्या रस्त्याकडेचा मुरूम आणून तो खाना भरला. रंग अगदी जुळत होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी लिंबू कापलं. चुना असलेल्या मातीवर रस पडला की ती फसफसते, ते मुलांना दाखवायचं होतं. चौथा खाना फसफसला. सहावा फसफसला. मधला गप्प. मास्तरांनी त्यातली चिमूट दाताखाली धरली. "ही चाकाखाली दळलेली आहे," ते म्हणाले. "विहीर खोटं नाही बोलत. हा खाना काऊन खोटं बोलून राह्यला बे?"

मी तेव्हाही भाव करायला कमी नव्हतो. म्हणालो, "गुरुजी, एकोणीस तर खरे आहेत ना? एकाचं काय एवढं?"

"एकोणीस खरे आहेत म्हणून तर," ते म्हणाले.

त्यांनी खाना रिकामा केला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली : 'पाचवा हात. माती आणली नाही.' पेटी तशीच बुलढाण्याला नेली. पाहणारा जो तो त्या चिठ्ठीवर थांबे आणि मग माझ्याकडे पाही. पहिला नंबर पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीला मिळाला. तो मुलगा भल्या मोठ्या वाड्याचा, आणि त्याच्या ज्वालामुखीला कुणी लिंबू लावलं नाही. परतीच्या एसटीत मी मास्तरांच्या शेजारी बसलो नाही. सातवी संपली आणि मी हातात पहार घेतली.

आज मी विहिरींचा ठेकेदार आहे. लोक म्हणतात, पाणी नसेल तिथे हा माणूस तोंडावर नाही म्हणतो, हे मास्तरांचं शिकवणं. मी तसं म्हणत नाही. शिकवणं त्यांचं असेल, घाम माझा आहे.

बऱ्याच वर्षांनी पिंपळगाव राजा या गावी काम घेतलं. निवृत्त होऊन मास्तर तिथेच राहतात असं कळलं, आणि मी भांडायला म्हणून गेलो. ते ओट्यावर बसले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं आणि इतक्या वर्षांचं साचलेलं ऐकवू लागलो. बोर्डिंग, चिठ्ठी, माझ्याकडे पाहणारे ते लोक. माझा आवाज चढला तशी त्यांची सून दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी तिला हातानं आत जायला सांगितलं.

मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी विहिरीवर काऊन आला नव्हता?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं की आईला ताप होता, आणि तिची मजुरी बुडू नये म्हणून तिच्या जागी मी वावरात तण निंदायला गेलो होतो.

मास्तर म्हणाले, "मंग चिठ्ठीवर तेच लिहाले पाह्यजे होतं मी."

त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. भांडणाचे जे शब्द मी बांधून नेले होते, त्यांतले निम्मे अजून माझ्याजवळच आहेत. ऐकणारा त्याच हिवाळ्यात गेला.