दृष्टीचं मीठ आणि पिस्त्याचं जेलाटो

"मावशी, जेलाटो पार्सल मिळत नाही हो."

तिसऱ्यांदा सांगितलं, तरी मावशी काउंटरवर कोपर टेकवून उभ्याच.

मी पनवेलच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात जाणारी पहिलीच. सकाळी लेक्चर, दुपारी नव्या एअरपोर्टवर जेलाटो-चॉकलेटच्या काउंटरवर पार्टटाइम. जेलाटो आइस्क्रीमपेक्षा मऊ असतं, लवकर वितळतं. म्हणून पार्सल नाही. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं.

मावशी करंजा बंदरावरच्या, मासे विकणाऱ्या. पहिल्यांदाच विमानात बसत होत्या. बंगळुरूला लेकीला सातवा महिना, पोटात काही टिकत नव्हतं. तिनं आईकडे एकच गोष्ट मागितली होती. मागच्या वेळी जाताना याच काउंटरवर खाल्लेलं पिस्त्याचं जेलाटो.

"चॉकलेट न्या ना. ते टिकतं," मी म्हटलं.

"चाकलेट तिकडं मिलत नाय काय? आमी म्हावरा बरफात घालून पुण्यापावेतो नेतो, बाय. कडक ऱ्हातो. तुजा येवढासा कप नाय ऱ्हानार?"

बर्फ म्हटल्यावर मला आजोबा आठवले. आता धावपट्टी आहे तिथंच आमचं मिठागर होतं. जत्रेत आजोबा कुल्फीचा डबा बर्फात खोचायचे आणि वरून मूठभर मीठ टाकायचे. "नुसता बरफ म्हावऱ्याला. कुल्फीला मीठ पायजे," म्हणायचे. मिठामुळे बर्फ आणखी गार होतो, हे मला शाळेच्या आधी त्यांनी शिकवलं.

मी दबकत सुपरवायझर सरांना विचारलं.

"गळलं तर कंप्लेंट तुझ्या नावावर," ते म्हणाले. "आणि मीठ कुठून आणणार?"

मावशींनी पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. खडेमीठ आणि सुक्या मिरच्या. लेकीची दृष्ट काढायला घरून घेतलेल्या.

"अर्धा घे. अर्धा पोरीला लागंल."

गारवा धरणारी चंदेरी थैली चॉकलेटबरोबरच मिळते, म्हणून मावशींनी जावयासाठी एक चॉकलेट घेतलं. कप एका पिशवीत बंद केला. भोवती दुसऱ्या पिशवीत बर्फ आणि मीठ, मग सगळं त्या थैलीत. मी ते थापून बसवत होते, अगदी आजोबांसारखं. मावशी बघत राहिल्या.

"कुठली गो तू?"

"धावपट्टीखालची."

"मंग तुला ठावं असनारच," त्या म्हणाल्या. मी त्यांना माझा नंबर दिला.

संध्याकाळी फोन आला. "पातल झाला गो! पन पोरीनं कप तोंडाला लावला नि सगला प्याली. पोटात ऱ्हायला."

"मीठ कमी पडलं का, मावशी?"

"कमीच परला. दिष्टीचा ठेवला नसता तर घट्ट ऱ्हायला असता. पन दिष्ट काय बरफानं उतरते?"

सरांना सांगितलं. "म्हणजे पार्सल नाहीच," ते म्हणाले. त्यांचं बरोबर आहे.

माझ्या लॉकरमध्ये आता डब्याशेजारी खडेमिठाची पुडी असते. अजून कोणी मागितलेली नाही.