यशवंताचा रेसचा कॅमशाफ्ट

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच शिव्या घालत होतो. मंगळवारी सकाळी आठला गाडी ऑइल बदलायला आणतो म्हणाला होता. अकरा वाजले तरी पत्ता नाही. कॅम्प चारमधल्या माझ्या गॅरेजात दोन गिऱ्हाइकं परत पाठवून मी त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलेली. तेवढ्यात त्याच्या अंबरनाथच्या शेजाऱ्याचा फोन… झोपेतच गेला. पुढे पुण्यानुमोदनाला जो तो उठून सांगत होता, यशवंतराव म्हणजे गाड्यांतले मोठे जाणकार. जाणकार! स्पॅनर कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्याला जन्मात कळलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण खोटं तरी किती ऐकायचं?

कुळगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो कंपनीत साहेब झाला, मी मिस्त्री. उतारवयात साहेबांना शौक सुचला. साठ सालातली एक गाडी भंगारातून उचलली आणि इंजिन माझ्या पुढ्यात आणून टाकलं. खोललं तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा, पार झिजलेला. मी म्हटलं, हाच वेल्डिंगने भरून, घासून मापात आणतो. छे! साहेब इंग्रजी मासिकं वाचणारे. कॅम्प दोनमधला एक सिंधी व्यापारी "साईं, रॉकेट बनेगी" म्हणाला आणि हा पाघळला. रेसचा कॅमशाफ्ट घेऊनच आला. असला दांडा इंजिन बेफाम पळवलं तरच ताकद देतो. हळू चालवलं की गाडी आचके देते, बंद पडते. आणि अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर पळवणार कुठे? खड्ड्यांत?

"वहिनींचं काय?" मी विचारलं. त्याच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी रिक्षाचे धक्के बंद केलेले. कुळगावला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. दर बुधवारी आईला बघायला जायचं तर हीच एक गाडी.

"मी शर्यतीत उतरवणार आहे ही," तो म्हणाला. "तू मिस्त्री आहेस ना? मग सांगतो ते बसव."

माझं डोकं फिरलं. गपचूप जुनाच कॅमशाफ्ट भरून-घासून बसवला, त्याचा रेसचा भिंतीवर खिळ्याला उभा टांगला आणि काम झालं म्हणून सांगितलं. साहेबांनी गाडी चालू केली. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभे… मग म्हणतात, "क्या बात है! रेसचा तो रेसचाच!" मी मागे जाऊन पोट धरून हसलो.

पाच वर्षं हा तमाशा चालला. दर रविवारी यायचा, त्याच भिंतीखाली स्टुलावर बसायचा. मी टपरीवरून चहा घेऊन येईपर्यंत कुणी गिऱ्हाईक सापडलं की त्याला रेसच्या कॅमशाफ्टवर व्याख्यान. शर्यतीचं नाव निघालं की मात्र शेपूट घालायचा. कधी कार्बोरेटर, कधी कंबर. एकदा वर बघून म्हणाला, "बापू, त्या दांड्याला तेल लावत जा, गंजेल." स्वतःचा कॅमशाफ्ट ओळखता येईना! हा किस्सा सांगून मी अख्खी गल्ली हसवली.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. बुधवारसाठी ड्रायव्हर मिळेल का, विचारत होत्या. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

"भावजी, त्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, रेसचा इतका शांत चालत नाही, बापूने जुनाच घातलाय."

"मग मला झापलं का नाही त्याने?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाले, बोललो तर तो चिडून रेसचा बसवून देईल, मग तुझा बुधवार गेला. हसतोय तर हसू दे त्याला."

म्हणजे माझं हसणं त्याला ऐकू येत होतं… पाच वर्षं! अरे मेल्या, सरळ सांगायला काय झालं होतं? पण नाही, हट्ट सोडलेला दिसायला नको. शेवटपर्यंत साहेबच.

बुधवारची गाडी आता मी चालवतो. परवा रविवारी त्याच्या स्टुलावर चढून कॅमशाफ्ट खाली काढला. वरचा अर्धा गंजून लाल झालेला. खालचा अर्धा, स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पोचतो तिथवर, तेलाने चकचकीत. उरलेल्या अर्ध्याला मी तेल लावलं.